दुखवट्यातली पिवळी कॅप्सूल

माझे यजमान मंगळवारी सकाळी गेले. अंघोळीचं पाणी काढून झालं होतं. ते खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत. पुढच्या बुधवारी मला निपाणीहून बेळगावच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

मधल्या दिवसांत काय झालं ते लिहायचं बरेच दिवस टाळलं. लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की त्यात माझं असं खास काही नाही. आमच्या भागात कुठल्याही घरी, कुठल्याही बाईचं हे होऊ शकतं.

सोपा

आमच्याकडे नवरा गेला की बायकोनं सोप्यात बसायचं. सोपा म्हणजे घराची पुढची खोली. जिथं माणूस गेलं तिथं दिवा लावलेला असतो, शेजारी सतरंजी घालतात, भिंतीला टेकून तिला बसवतात. सकाळपासून माणसं येत राहतात. बायका दारातूनच हंबरडा फोडतात आणि येऊन गळ्यात पडतात. त्यांचा ओघ थांबला की जरा शांतता, मग पुढची गाडी येते. कागलची, चिकोडीची, कडोलीची. आलेल्या माणसाला ती बाई जागेवर दिसली पाहिजे. उठू नको असं कुणी म्हणत नाही. पण ऊठ असंही कुणी म्हणत नाही.

आमचा संडास अंगणाच्या कडेला आहे. अंगणात मांडव घातला होता आणि मांडवात पुरुष बसले होते. माझे धाकटे दीर, त्यांचे मित्र, यजमानांच्या बँकेतली माणसं, माझ्या शाळेतले शिक्षक, माझे जुने विद्यार्थीसुद्धा. मी उठले की दोन बायका दोन्ही दंडांना धरायच्या. मांडवातली बोलणी थांबायची. मी आत असेपर्यंत त्या दाराबाहेर उभ्या राहायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "पाय बी उचलंना झालाय बाईचा."

पहिल्या दिवशी मी दोनदा गेले. दुसऱ्या दिवशी एकदा. त्यानंतर मी पाणी पिणंच सोडलं. चहाचा कप यायचा, ओठाला लावायचा आणि खाली ठेवायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नवरा गेलेल्या बाईनं खाऊ-पिऊ नये हीच सगळ्यांची अपेक्षा असते. उलट कौतुक झालं. "घोटभर पाणी बी उतरंना गं तिच्या गळ्याखाली," असं एक चुलत सासूबाई अभिमानानं सांगत होत्या.

मला ते जड गेलं नाही. नोकरीत तोच सराव झाला होता. आमच्या हायस्कूलमध्ये शिक्षिकांसाठी एक संडास होता, पण त्याची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर असायची. चार माणसांसमोर ती मागायची, चार माणसांसमोर परत ठेवायची. आम्ही सगळ्याजणी घरून पाणी न पिता यायचो आणि घरी जाऊन प्यायचो. आमच्यात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. मी मराठी शिकवायचे. मला शब्दांची कमतरता नव्हती, पण या गोष्टीसाठी लागणारा शब्द मी चारचौघांत कधी उच्चारला नव्हता.

शांताक्का

चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली. थेंबथेंब व्हायची आणि प्रत्येक थेंबाला डोळ्यांत पाणी यायचं. रडण्याच्या घरात त्याचं कारण कुणी विचारत नाही.

ओळखलं ते फक्त शांताक्कांनी. त्या माझ्या थोरल्या नणंद, कडोलीच्या. भाऊ गेल्याचं कळल्यापासून त्या माझ्या शेजारी बसून होत्या. झोपायच्याही माझ्याजवळच. त्या दुपारी गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सुमन, खाली आग व्हत्या व्हय गं?"

मी मान हलवली.

"मग सांगाचं न्हाय? मला गेल्या साली असंच झालतं. डॉक्टरनं पिवळ्या कॅप्सुला दिल्यात्या. दोन दिसांत गुण."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, लवंगा आणि अर्धी वापरलेली एक पट्टी होती. दुखणं थांबल्यावर उरलेलं औषध आमच्याकडे कुणी टाकत नाही. घरातल्या, शेजारच्या, माहेरच्या कुणाला तरी ते लागतंच. शांताक्कांची पुडी तर आमच्या सगळ्या नातेवाइकांचा दवाखाना होती.

"डॉक्टरनं सगळ्या संपवायला सांगितल्या असतील ना, आक्का?" मी विचारलं.

"सांगतेत की. त्यांचं काय जातंय? बरं वाटल्यावर कोण खातंय गं औशीद?"

मी एक कॅप्सूल घेतली, संध्याकाळी दुसरी. दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग गडद, जवळजवळ तपकिरी झाला. मी घाबरले. शांताक्का म्हणाल्या, "घाण भाईर पडालीया. गुण आला म्हण." जळजळ खरंच कमी झाली होती. मला वाटलं, सुटले. पट्टीत होत्या तेवढ्या दीड दिवसात संपल्या.

त्या औषधाचं नाव नायट्रोफ्युरँटॉइन. तेव्हा मी ते वाचलंही नव्हतं. समोर छापलेला मजकूर दिसला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही, पण त्या दिवसांत वाचण्याची इच्छाच मेली होती.

दुःखाचा ताप

मग पाठ दुखायला लागली. कमरेच्या वर, उजव्या बाजूला. भिंतीला टेकता येईना. सोमवारी दुपारी हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंगावर तीन चादरी होत्या. आलेल्या बायका म्हणाल्या, दुःखाचा ताप आहे, रडून मोकळी होईना म्हणून आत धरलंय. एकीनं सुचवलं की हिला जरा जोरानं रडवा. म्हणून त्यांनी यजमानांचा चष्मा आणून माझ्या हातात दिला.

मी रडले नाही. थंडीनं माझा हात इतका हलत होता की चष्मा सतरंजीवर पडला.

दिरांनी ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. ते सोप्यात येऊन खुर्चीवर बसले. भोवती दीर, त्यांचा मुलगा, दोन-तीन पाहुणे.

"काय होतंय, टीचर?"

"अंग मोडून आलंय."

"आणखी काही? पोटात? लघवीला वगैरे?"

त्यांनी विचारलं होतं. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मी दिरांकडे पाहिलं. दिरांनी मान खाली घातली आणि मग ते दाराबाहेर पाहायला लागले, पण उठून गेले नाहीत. कारण अशा वेळी घरच्या पुरुषानं डॉक्टरांजवळ थांबायचं असतं.

"नाही," मी म्हटलं.

तापाचं इंजेक्शन देऊन ते गेले.

बुधवारी सकाळी मी मेधाला ओळखलं नाही. मेधा माझी मुलगी. बेंगळुरूला नोकरी करते, वडिलांसाठी आलेली होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, मग हातापायांना, आणि ओरडली, "काका, गाडी काढा!"

गाडी निघेपर्यंत अंगणात वाद झाला, तो मला अर्धवट आठवतो. कोल्हापूर की बेळगाव? कोल्हापूर जवळ. पण माझं उपचारांचं सरकारी कार्ड कर्नाटकातलं, ते पलीकडे चालत नाही. सीमेवरच्या माणसाला आजारी पडण्याआधी हे ठरवावं लागतं. मेधानं विचारलं, "कार्डाचं नंतर बघू, आधी जवळ कुठं?" पण गाडीचं तोंड तोवर बेळगावकडे वळलं होतं.

"काय आलं का?"

जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडात चढले होते आणि तिथून रक्तात. अतिदक्षता विभागात मला ठेवलं तेव्हा रक्तदाब खाली गेला होता आणि लघवी पूर्ण थांबली होती. मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. नळी घातली होती आणि पलंगाच्या कडेला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. पिशवी रिकामी होती. गळ्याजवळ दुसरी नळी घालून मशीनवर माझं रक्त धूत होते.

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या होत्या, माझ्याशी जपून मराठी बोलायच्या. त्यांनी मेधाला सांगितलं, "लघवी सुरू झाली तर आशा आहे. नाही झाली तर आयुष्यभर मशीन. तेही, त्या वाचल्या तर."

तेव्हापासून माझ्या घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. मांडवात ज्यांच्यासमोरून जायची मला लाज वाटत होती तेच सगळे निपाणीहून फोन करून विचारत होते, "वैनींना लघवी झाली का?" दिरांचा सकाळ-संध्याकाळ फोन. यजमानांच्या बँकेतून फोन. माझ्या हेडमास्तरांचा फोन. मेधा पलंगाशी उभी राहून सांगायची, "नाही काका. अजून थेंब नाही." मी डोळे मिटून ऐकायचे. लाज वाटायला अंगात जीव लागतो.

शेजारच्या पलंगावर लोंढ्याच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनाही माझ्यासारखीच नळी आणि पिशवी. त्यांची पिशवी भरायची, माझी रिकामी.

"टीचर, घ्या की थोडी उसनी," त्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आमच्यात साखर उसनी देतात, मी हे देते. परत करू नका हां."

मी हसले. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा. हसताना पाठीतून कळ गेली. दोन-तीन दिवसांनी त्यांच्या मुलांनी त्यांना घरी नेलं. बऱ्या होऊन नाही. त्यांनाच घरी जायचं होतं म्हणून. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहून दोन बोटं हलवली.

त्यानंतर मलाही जावंसं वाटू लागलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण जे कुणी या अवस्थेत आहेत त्यांना कळावं की असं वाटतं. दुखणं हे त्याचं कारण नव्हतं. दुखणं सहन होत होतं. पण डोळे मिटले की सोपा दिसायचा, आणि डोळे उघडले की ती रिकामी पिशवी. एका दुपारी मी मेधाला म्हटलं, "हे सगळं काढायला सांग. मला घरी ने."

ती सफरचंद कापत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "बाबा न विचारता गेले. तू निदान विचारतेस. माझं उत्तर नाही असं आहे."

"मेधा—"

"नाही म्हटलं ना. पंधरा दिवसांत दोघं? माझं काय करायचं ठरवलंयस तू?"

तिनं ते सफरचंद स्वतःच खाल्लं. माझ्याकडे पाठ करून. तिचे खांदे हलत होते. वडिलांसाठी तीही तोपर्यंत रडलेली नव्हती. त्याच दिवशी निपाणीत यजमानांचा तेरावा होता. बायको आणि मुलगी दोघीही तिथं नव्हत्या.

लघवी आली ती एका सकाळी, तळाला चमचाभर, लालसर. नर्सनं पिशवी उजेडाकडे धरली आणि कन्नडमध्ये कुणालातरी हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बंतु, अक्का, बंतु!" आली, अक्का, आली. मेधानं दिरांना फोन लावला. दिरांचा आवाज मला पलंगावरून ऐकू आला. ते घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगत होते, "वैनींना लघवी झाली! अरं, झाली लघवी!" पाठीमागून कुणीतरी देवापुढची घंटा वाजवली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं

वॉर्डात हलवल्यावर शांताक्का भेटायला आल्या. त्यांना तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्या पलंगाजवळ आल्याच नाहीत. दाराशी उभ्या राहून पदर तोंडात धरून म्हणाल्या, "भाऊ गेला. भावजयीला मी माझ्या हातानं विख घातलं गं."

मी काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शांताक्कांना खुर्ची दिली आणि दोघींना एकदमच सांगितलं. ते औषध वाईट नाही. जुनं आहे, चांगलं आहे, आणि माझ्या जंतूवर ते चालत होतं, असं तपासणीत दिसलं होतं. पण ते काम करतं मूत्राशयात. लघवीत उतरून तिथले जंतू मारतं. मूत्रपिंडात किंवा रक्तात गेलेल्या जंतूंना पुरेल इतकं ते तिथं पोचत नाही. पहिल्या दिवशी, तपासून, पूर्ण मुदतीचं घेतलं असतं तर कदाचित तेवढ्यावरच भागलं असतं. दीड दिवसात जळजळ थांबली, पण जंतू थांबले नाहीत.

"म्हंजे माझ्याच गोळीनं बरी झाली असती?" शांताक्कांनी विचारलं.

"झाल्या असत्या, अक्का. अशी शक्यता होती."

हे ऐकून शांताक्का सुटल्या नाहीत. आणखी खचल्या. मी त्यांचा हात धरला. त्या सोप्यात दीडशे माणसं येऊन गेली असतील. मला जळजळ होते आहे का, हे विचारणारी एकच बाई होती, आणि ती या होत्या. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

परत

मी घरी आले तेव्हा दुखवटा संपला होता. मांडव काढलेला, सोपा धुतलेला, सतरंजी घडी करून माळ्यावर. यजमानांचा फोटो भिंतीवर लावून झाला होता. त्यांचे कपडे वाटून टाकले होते. दिरांनी सगळं व्यवस्थित केलं होतं, त्यांना बोल लावायला जागा नाही. माणसं येऊन गेली होती, ती पुन्हा येणार नव्हती. मला भेटायला यायची ती तब्येतीची चौकशी करायला. "आता बरं हाय न्हवं?" असं विचारून जायची. माझ्या नवऱ्याबद्दल कुणी बोलायचं नाही, माझ्या जिवाला त्रास होईल म्हणून.

मी दारं लावून रडून पाहिलं. नाही जमलं. पुस्तक उघडलं की एकच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचत बसायचे.

दुखणं मात्र परत आलं. दोन महिन्यांनी एकदा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी तपासणीला दिलं की कागदावर औषधांची नावं येतात आणि समोर, कोणतं चालतं, कोणतं चालत नाही. जंतू औषधांना सरावत जातात, म्हणून प्रत्येक वेळी चालणारी नावं आधीपेक्षा कमी असतात. माझी मूत्रपिंडं पूर्वीसारखी झाली नाहीत, निम्म्याहून कमी काम करतात. पिवळी कॅप्सूल जंतूवर अजूनही चालते. पण ती लघवीत उतरण्यासाठी मूत्रपिंडं धड लागतात, आणि माझी तशी नाहीत.

"ती आता तुमच्यासाठी नाही, टीचर," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या वेळी त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

जे वाचतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी सांगा, ज्याला सांगायचं त्याला, आणि कुणाच्या पुडीतलं काही घेऊ नका. डॉक्टर विचारतील तेव्हा भोवतीच्या माणसांना बाहेर जायला सांगा. ते जातात. त्यांनाही तेच हवं असतं, फक्त कुणीतरी म्हणावं लागतं.

आणि दुखवट्याच्या घरी गेलात तर शांताक्कांसारखं करा. आता त्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी रडत नाहीत. बसवलेल्या बाईला हाताला धरून उठवतात आणि मांडवातल्या पुरुषांना मोठ्यानं म्हणतात, "सरकून बसा रं जरा, बाईला जायाचं हाय." मग तिला तांब्याभर पाणी पाजतात. पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा त्यांच्या जावेनं टोमणा मारला, "आक्काबाई आल्या, लाज इकून." शांताक्का म्हणाल्या, "व्हय, इकली. तुला पायजे काय? सोस्त देते."

हे मी बेळगावलाच लिहिते आहे, वॉर्डात, उजव्या हातानं, सावकाश. डाव्या हाताला सुई आहे. परवा पुन्हा हुडहुडी भरली आणि या वेळी मी स्वतःच दिरांना फोन केला, "लघवीला जळजळ होते आहे, ताप आहे, गाडी घेऊन या." ते आले. मेधा उद्या पोचेल. तपासणीचा कागद आज आला.

माझ्या अंगातल्या जंतूवर चालतील अशी दोन औषधं उरली आहेत. एक तीच पिवळी कॅप्सूल, ती माझ्या मूत्रपिंडांमुळे मला देता येत नाही. दुसरं आत्ता शिरेतून जातं आहे.